रविवारी नवनाथला घेऊन जा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागल्यावर यवतपर्यंत सांगण्यासारखं काही घडत नाही. म्हणून ते सोडून देते आणि थेट कामाचं सांगते.

मी एका संशोधन प्रकल्पात समाजसेविका आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाचा आमचे डॉक्टर अभ्यास करतात. मेंदूच्या करड्या भागात विचार होतात, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पांढरा भाग म्हणजे त्या करड्या तुकड्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या धाग्यांचे जुडगे. प्रत्येक धाग्यावर चरबीचं वेष्टन असतं, म्हणून तो पांढरा दिसतो. वेष्टन धड असेल तर निरोप झटकन पोचतो. या आजारात निरोप रेंगाळतात, काही भलतीकडे जातात, आणि माणसाला आवाज ऐकू येणं, बोलणं तुटक होणं, सुचायला वेळ लागणं यातलं काही तरी त्यामुळे होत असावं, असा अंदाज आहे. ‘असावं’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते. खात्री असती तर मला दौंड आणि शिरूर तालुक्यांत माणसं शोधत फिरावं लागलं नसतं.

डॉक्टर एमआरआय मशीनपाशी असतात, स्कॅनसाठी माणसं आणायचं काम माझं. यंदा जानेवारीत तीन दिवस या कामासाठी गेले होते. तिकडे कधी न गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत.

शुक्रवार : राहू

यवतला हायवे सोडला की दोन्ही अंगांना ऊस लागतो, मधूनच शेवंतीचा पिवळा तुकडा. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असला तर त्याच्या मागे निमूट राहावं, कारण त्याला मागचं दिसत नाही आणि टेपच्या आवाजात हॉर्नही ऐकू जात नाही. आमचा ड्रायव्हर दिलीप हे मान्य करत नाही. तो हॉर्न वाजवत राहतो आणि शेवटी मागेच राहतो.

कुसुमताई काळे यांचं घर गावाबाहेर, मळ्यात. नवरा रघुनाथ वारल्यापासून शेती त्या आणि मुलगी अश्विनी बघतात. मोठा मुलगा नवनाथ बत्तिशीतला. त्याला आमच्या ओपीडीतल्या गोळ्या चालू आहेत आणि त्या वेळेवर घेतल्यापासून तो बराच सावरला आहे. मी पोचले तेव्हा कुसुमताई पडवीत बसून शेवंतीची फुलं पोत्यात भरत होत्या.

“स्कॅन ना? न्या की. कवा न्यायचंय?”

इतका पटकन होकार मला कुणी देत नाही. एरवी शॉक देतात का, डोकं उघडतात का, मशीनमध्ये माणूस अडकतो का, असे प्रश्न संपता संपत नाहीत. सहज मिळालेल्या होकाराचा मला संशय येतो.

“इतर दिवशी मशीन पेशंटसाठी लागतं. आम्हाला रविवारी मिळतं,” मी म्हणाले.

“रविवारीच न्या. सकाळी बिगीनं न्या. आन् संध्याकाळपातुर सोडू नका त्याला.”

“आई, म्याडमना खरं काय ते सांग की,” अश्विनी दारातून म्हणाली. ती सव्वीस वर्षांची, बी.ए. झालेली. फुलांचा सगळा हिशेब आणि व्यापाऱ्यांशी बोलणं तिच्याकडे. “रविवारी मला बघायला येणारेत. यवतच्या पलीकडचे. मुलगा एमआयडीसीत सुपरवायझर हाय.”

“मग नवनाथ घरात नको, असं?”

कुसुमताईंनी पोत्याचं तोंड आवळलं. “म्याडम, तुम्हाला दोन जागची नावं सांगते, तिथले त्याला बघून माघारी गेलेत. चहाबी न पिता. बहिणीचं नशीब भावापायी बांधून ठिवू का मी? इचारलं तर सांगू, पुण्याला कंपनीत असतो. आन् त्या दिवशी पुण्याला तर खरंच असंल ना? मग खोटं कुठं झालं?”

या युक्तिवादाला मी हसले, हे कबूल करते. त्यांनाही हसू आलं. अश्विनी मात्र हसली नाही.

मी मूळची चिपळूणकडची. आमच्याकडे घरातल्या अशा माणसाला पाहुणे आले की मागच्या खोलीत पाठवतात आणि दार लोटून घेतात. इथं घरं लहान, पण मळे मोठे, म्हणून पाठवायचं ते रानात. एवढाच काय तो फरक. जमल्यास उसाच्या पलीकडे, कारण उसातून पलीकडचं दिसत नाही.

नवनाथ तिथूनच आला, पायाला चिखल. उंच, खांद्यात थोडा वाकलेला. त्याला प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कुसुमताई त्याच्या वतीनं उत्तर देऊन टाकतात. मी त्यांना हातानंच थांबवलं. सही त्याची लागणार होती, त्यांची नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. मशीन बंदिस्त असतं, आवाज फार करतं, हलायचं नाही. मेंदूतल्या धाग्यांच्या अंगानं पाणी कसं सरकतं, हे ते मोजतं. धागा नीट असेल तर पाणी बरंचसं त्याच्या दिशेनं सरकतं, नसेल तर इकडेतिकडे पसरतं.

त्यानं पायाचा चिखल खरवडला. मग म्हणाला, “त्यात तो बोलणारा दिसंल का?”

“नाही. तो काय बोलतो?”

“गावात टूर्नामेंट असती, तवा एकजण माईकवर बोलत असतो ना? हा उठला, हा चालला, ह्यानं बॅट धरली. तसं. फकस्त खेळाडू मी एकटाच.”

“आणि बघणारे?”

“कुणीच न्हाई. तरी बोलतोय.”

मी त्याला डॉक्टरांचा एक अंदाज सांगितला. आपण मनात बोलतो तेव्हा ‘हे माझंच आहे’ अशी सूचना मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाला जाते. ती सूचना उशिरा पोचली तर आपलंच बोलणं परक्याचं वाटत असेल. नवनाथनं मान हलवली.

“उशीर होतो,” तो म्हणाला.

“कशाला?”

त्यानं विचार केला. “समद्यालाच.”

मग त्यानं सही केली. जेवायला बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं भरीत होतं. भाताशिवाय माझं जेवण होत नाही असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं. ते खरं नाही.

शनिवार : वडगाव रासाई

दुसऱ्या दिवशी भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात गेले. नदीला पाणी होतं, काठावर मोटारींची घरघर आणि पाण्यात गेलेले काळे पाइप. इकडे मला आजारी माणूस नको होता, धडधाकट हवा होता. आजारी मेंदूशी ताडून बघायला त्याच वयाचा, तेवढंच शिकलेला, तशाच गावात राहणारा निरोगी मेंदू लागतो. असा माणूस मिळवणं आजारी माणूस मिळवण्यापेक्षा अवघड आहे. निरोगी माणसाला वाटतं, आपल्या दारात मेंदूवाल्यांची गाडी थांबली तर लोक काय म्हणतील.

सकाळी दूध डेअरीपाशी पंधरा-वीस जण भेटले. बाकड्यावर बसलेल्या एका आबांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शेजारच्या तरुणाच्या पाठीवर थाप मारली.

“ह्यो घेऊन जा. ह्याचं डोस्कं वापरलेलंच न्हाई. कंपनीतनं आल्यावानी हाय.”

“आबा, तुमचंच द्या की. जुना माल मजबूत असतोय.”

“म्याडम, तपासल्यावर शहाणा असल्याचा दाखला मिळतो का?” तिसऱ्यानं विचारलं. “घरात लावीन म्हणतो. बायको मानंना.”

दाखला मिळत नाही म्हटल्यावर निम्मे पांगले. सलीम शेख मात्र थांबले. वेल्डिंगचं वर्कशॉप त्यांचं, ट्रॉल्या आणि खिडक्यांच्या ग्रिल बनवतात. वय बत्तीस, दहावी पास, कसला आजार नाही, घराण्यात कुणाला नाही. मला हवा होता तो हाच माणूस. ते मला घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नी शबाना यांनी चहाबरोबर घरची नानकटाई ठेवली आणि सांगितलं, “ह्यांच्या डोक्यात काय हाय ते मला इचारा. मशीन कशाला पायजे?”

मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. शरीरात कुठे सळई, स्क्रू, पट्टी? नाही. दातात? नाही. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?

“कधी?” सलीमभाई हसले. “रोजच जातोय. ग्राइंडर चालवतो मी.”

“मग काढता कसा?”

“ही काढती. रुमालाच्या टोकानं.”

मी पेन खाली ठेवलं. ते मशीन म्हणजे एक मोठं लोहचुंबक. डोळ्यात राहिलेला एवढासा कण त्यात हलला तर डोळा जाऊ शकतो. तपासून घेऊन नेता येतं, पण रोज नवा कण जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत आमचे डॉक्टर तो धोका घेत नाहीत. मी ते त्यांना समजावलं. त्यांचा चेहरा पडला.

“म्हंजी मी शहाण्यात बसत न्हाई?”

“न्हाईत बसत. लिहून घ्या, म्याडम,” शबाना म्हणाल्या.

वेल्डिंग करताना चष्मा वापरा, असं मी त्यांना बजावलं. चष्मा होता. भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता.

शेवटी डेअरीत फॅट मोजणारा तरुण पुढच्या रविवारी यायला तयार झाला. दुपारी डेअरीवाल्यांच्या घरी हुलग्याच्या शेंगोळ्या जेवायला मिळाल्या, लसणीचा ठसका असलेल्या. हुलगा म्हणजे आमचा कुळीथ; आमच्याकडे त्याचं पिठलं करतात, पण त्याच पिठाचं हे वळून शिजवलेलं रूप मला माहीत नव्हतं. निघताना ते सकाळचे आबा गाडीपाशी आले. आता आजूबाजूला कुणी नव्हतं.

“एक इचारतो. घरात एकाला असं असलं, तर भावाबहिणीला व्हतं का?”

हा प्रश्न मला प्रत्येक गावात एक तरी माणूस असाच एकटं गाठून विचारतो. माझं उत्तरही ठरलेलं आहे. इतरांपेक्षा शक्यता थोडी जास्त असते, पण बहुतेक भावाबहिणींना होत नाही.

“मग कुणाला व्हईल, कुणाला न्हाई, हे आधी कळत न्हाई?”

“नाही कळत.”

ते “बरं” म्हणाले आणि डेअरीकडे वळले. त्यांच्या घरात कोण आहे, हे मी विचारलं नाही.

रविवार : राहू ते पुणे आणि परत

सकाळी राहूला पोचले तेव्हा कुसुमताईंच्या घराची पडवी सारवलेली होती आणि खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या होत्या. नवनाथ आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. कुसुमताईंनी त्याला दही-साखर दिली, परीक्षेला जाणाऱ्या मुलाला देतात तशी, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सावकाश आणा.” सावकाश म्हणजे उशिरा, हे आम्हा दोघींना कळत होतं.

यवतच्या रस्त्यावर निम्म्यात आमचं मागचं चाक बसलं. स्टेपनी होती. जॅक नव्हता. दिलीपनं तो मेव्हण्याला दिला होता, आणि हे त्याला तिथं, रस्त्याच्या कडेला, डिकीत डोकं घातल्यावर आठवलं. बोलायचं ते मी परत आल्यावर सविस्तर बोलले.

समोरून एक पांढरी गाडी आली आणि थांबली. आतून साठीचे एक गृहस्थ उतरले, टोपी, स्वच्छ धोतर. त्यांच्यामागून एक तरुण, आणि गॉगल लावलेले आणखी एकजण. तरुणानं काही न विचारता स्वतःच्या डिकीतून जॅक काढला आणि कडक इस्त्रीच्या पँटीसकट रस्त्यावर गुडघे टेकले.

“आप्पा, कपडे खराब करतोय बघा हा,” गॉगलवाले म्हणाले. “आन् आजच्या दिवशी.”

“आजच्या दिवशी काय?” दिलीपनं विचारलं.

“पोरगी बघाय चाललोय. राहूला.”

माझ्या लगेच लक्षात आलं. राहूला त्या रविवारी दोन मुली बघायचे कार्यक्रम असतीलही, पण मला तसं वाटलं नाही. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि शेताकडे बघत उभी राहिले. माझ्याबरोबर कोण आहे आणि का आहे, हे मी कुणाला सांगू शकत नाही. तो नियमच आहे आणि तो चांगला नियम आहे.

आप्पा नवनाथपाशी गेले. “कुठलं गाव, पाव्हणं?”

नवनाथचं उत्तर नेहमीसारखं वेळानं आलं. “राहू.”

“राहूत कुणाचं?”

चाकाचा एक नट निघाला. दुसरा निघाला. “रघुनाथ काळ्यांचा.”

आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. “म्हंजी अश्विनीचा भाऊ?”

“व्हय.”

“मग आज घरी न्हाई थांबला?”

नवनाथनं त्यांच्याकडे सरळ बघितलं. “मी मेंदूच्या तपासणीला चाललोय. मला आवाज ऐकू येत्यात. गोळ्या चालू हायत.”

चाक बदलणाऱ्या तरुणाचा पाना थांबला. दिलीप आभाळाकडे बघू लागला. आप्पा माझ्याकडे वळले. “काय भानगड हाय ही, बाई?”

“त्यांनी परवानगी दिली तरच सांगेन.”

“सांगा,” नवनाथ म्हणाला.

म्हणून सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, गोळ्यांनी काय होतं ते सांगितलं, आणि आम्ही काय तपासतो तेही. आप्पांनी नीट ऐकून घेतलं.

“मग असं करा, पोरीचीबी एक तपासणी करा. रिपोर्ट बघून आम्ही ठरवू. आमची काय जबरदस्ती न्हाई. पण मी रान तपासल्याबिगर रोपबी लावत न्हाई.”

मला राग आला, पण रस्त्यावर रागाचा उपयोग नव्हता. मी विचारलं, “मातीचा नमुना कसा देता, आप्पा?”

“कसा म्हंजी? रानात नागमोडी फिरायचं. आठ-धा जागी खड्डा घ्यायचा. समदी माती एका ठिकाणी कालवायची आन् त्यातली अर्धा किलो द्यायची.”

“मग रिपोर्ट कशाचा येतो?”

“प्लॉटचा.”

“त्यात कुठलं झाड वाळेल ते लिहिलेलं असतं?”

“ते कसं लिहितील?”

“आमचंही तसंच आहे. आजारी असलेल्या पुष्कळ माणसांचे मेंदू एकीकडे आणि निरोगी पुष्कळ माणसांचे दुसरीकडे ठेवले, तर दोन्हींच्या पांढऱ्या भागात सरासरीनं फरक दिसतो. एकट्याचा मेंदू बघून, हा आजारी आणि ही आजारी पडणार, असं आमचं मशीन सांगत नाही. अश्विनीची तपासणी केली तरी तिला नाव ठेवणारा किंवा तिला पास करणारा कागद मी तुम्हाला देऊ शकणार नाही.”

“मग ह्याच्या एकट्याच्या तपासणीचा ह्याला काय उपयोग?”

“काही नाही. पुढे इतरांना होईल कदाचित.”

“आन् तरी तू निघालास?” आप्पांनी नवनाथला विचारलं.

तरुणानं स्टेपनी चढवली, नट आवळायला घेतले. उत्तर येईना. गॉगलवाल्यांनी तोंड उघडलं, पण आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं तसे ते गप्प बसले.

“इतरांचं कळंल ना,” नवनाथ म्हणाला.

गॉगलवाले आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, “आप्पा, हितनंच माघारी फिरू.” त्यांना वाटलं आम्हाला ऐकू गेलं नाही.

“टाइम दिलाय,” आप्पा म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. तरुणानं हात पुसले, नवनाथला पाण्याची बाटली दिली, आणि गाडी राहूकडे निघून गेली. पाहुणे तिथं नुसतं पाणी पिऊन उठणार की बसणार, काहीच कळलं नव्हतं.

आम्ही यवतकडे निघालो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आता अर्ध्या तासात कुसुमताई आप्पांना सांगणार, मुलगा कंपनीत असतो. आणि आप्पा तर आत्ताच त्याला भेटून गेले. आजाराचं एक वेळ ते पचवतीलही, पण तोंडावर खोटं बोललेलं पचवणार नाहीत. फोन करून सांगावं का? घराच्या सोयरिकीत पडायचं माझं काम नाही. फोन हातात घेतला आणि पर्समध्ये ठेवला. नवनाथ खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या हे लक्षात आलं नसावं, असं मला वाटलं.

यवत मागे पडलं. हायवेला लागलो.

“म्याडम,” नवनाथ म्हणाला. “आई म्हणंल, मी कंपनीत हाय.”

“हो. म्हणतील.”

“आन् आप्पांनी तर मला बघितलंय.”

“हो.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “तुम्हाला आधीच कळलं व्हतं?”

“तिथंच.”

त्यानं फोन काढला. कुसुमताईंनी उचलला नाही. मग त्यानं अश्विनीला लावला, आणि या वेळी तो एका दमात बोलला, कारण वाक्यं आधीच जुळवून झाली होती. “आशे, ते मला वाटंत भेटले. मी समदं सांगितलंय. आईला म्हणावं, खोटं बोलू नको. तूबी बोलू नको.”

फोन ठेवून तो बाटलीतलं पाणी प्यायला. पुण्यात मशीनमध्ये तो अजिबात न हलता पडून राहिला. बाहेर आल्यावर मी विचारलं, त्रास झाला का?

“लई बोलतंय ते मशीन.”

“आणि तुमचा तो?”

“तोबी बोलत व्हता. ऐकूच आलं न्हाई.”

पडद्यावरचं चित्र त्याला बघायचं होतं. करड्या अक्रोडासारखं ते दिसतं, आत फिकट फांद्या. त्यानं त्या फांद्यांवर बोट ठेवलं. “ह्यो रस्ता?” हो म्हटलं. त्याला ते बरं वाटलं असावं, कारण मोबाइलवर फोटो काढून मिळेल का, असं त्यानं विचारलं. नियमात बसत नव्हतं. नाही म्हणाले.

संध्याकाळी ऊन असतानाच राहूला परतलो. खुर्च्या अजून पडवीत होत्या, रिकाम्या. कुसुमताई माझ्याकडे न बघता आत गेल्या. अश्विनीनं मला सगळं सांगितलं. पाहुणे बसले, पाणी झालं. आप्पांनी विचारलं, मुलगा कुठं असतो? कुसुमताईंनी “पुण्याला” एवढं म्हटलं आणि तेवढ्यात ही पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली.

“मी म्हणाले, पुण्याला दवाखान्यात गेलाय, मेंदूच्या तपासणीला. तुमची गाठ पडली वाटंत, त्याचाच फोन आला व्हता. आईनं माझ्याकडं असं बघितलं, म्याडम, मला वाटलं ट्रेच घेती हातातनं.”

“आणि आप्पा?”

“काय न्हाई. पोहे मागून घेतले आणखी. जाताना ‘येतो’ म्हणाले. आता पसंत असंल तर ते त्यांचं घर बघाय बोलावत्यात. नसंल तर मध्यस्थाकडनं ‘कळवतो’ येतं, आन् मग कायच कळवत न्हाईत. चार-आठ दिवस तरी लागत्यात.”

“तुम्हाला मुलगा पसंत आहे?”

“त्याच्या पँटीला गुडघ्यावर ऑइल व्हतं,” अश्विनी म्हणाली. “पुसलंबी नव्हतं त्यानं. मला आवडलं.”

मी निघायला उठले, तेवढ्यात आत कुसुमताईंचा फोन वाजला. त्या बोलत बोलत बाहेर आल्या. “व्हय आप्पा... व्हय, आत्ताच आलाय... माझ्याशीच बोला की, तो काय...” मग त्या थांबल्या. फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे बघितलं आणि नवनाथपुढे केला. “नवनाथरावांना द्या म्हणत्यात.”

अश्विनीनं पुढे होऊन स्पीकर चालू केला.

“नवनाथराव, आप्पा बोलतोय. घरातलं कर्तं माणूस तुम्ही, म्हणून तुम्हाला इचारतो. बुधवारी आमचं घर बघाय या. तुम्ही, आई, आणखी कुणी असंल ते.”

नवनाथ गप्प. कुसुमताई हातानं, तोंडानं, साऱ्या अंगानं ‘हो म्हण’ सांगत होत्या. त्या फोनकडे झेपावल्या, तेव्हा अश्विनीनं त्यांचं मनगट धरलं. पलीकडे आप्पांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या अंगणातली कोंबडी ओरडताना ऐकू येत होती.

“बुधवारी न्हाई जमायचं,” नवनाथ म्हणाला. “बुधवारी माझी दवाखान्याची तारीख हाय. गोळ्या आणायच्यात. गुरुवारी येतो.”

कुसुमताईंनी डोळे मिटले.

“बरं,” फोनमधून आवाज आला. “गुरुवारी या. जेवायलाच या.”